‘अब्बू खाँ की बकरी’ लिहिणारे राष्ट्रपती : डॉ. झाकिर हुसेन

घरात कुणी दादी-नानी उर्दू शाळेत शिकलेल्या असतील तर त्यांना चाँदनी बकरीची गोष्ट विचारून बघा. बऱ्याच जणींना ती आठवते. पण आपली मुलं आता मराठी नाहीतर इंग्रजी शाळेत जातात, त्यामुळे ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचत नाही. ती लिहिणारे डॉ. झाकिर हुसेन म्हणजे देशाचे तिसरे राष्ट्रपती, एवढंच सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून त्यांना कळतं. म्हणून आज आम्ही राष्ट्रपतींची नव्हे, तर त्या गोष्ट सांगणाऱ्या मास्तरांची ओळख करून देत आहोत.

झाकिर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबादेत झाला. घराणं मूळचं उत्तर प्रदेशातल्या कायमगंजचं. वडील फिदा हुसेन खाँ वकील होते. झाकिर दहा वर्षांचे असतानाच वडिलांचा इंतकाल झाला. चार वर्षांनी, १९११ मध्ये, प्लेगच्या साथीत आईही गेली. इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलमध्ये शिकून ते अलीगढच्या कॉलेजात दाखल झाले. १९२० मध्ये गांधीजींनी सरकारी मदतीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्था सोडण्याची हाक दिली आणि या तरुणानं अलीगढचं कॉलेज सोडलं. २९ ऑक्टोबर १९२० रोजी जामिया मिल्लिया इस्लामिया सुरू झाली. ती उभी करणाऱ्यांत तेही होते.

पुढे ते जर्मनीला गेले आणि बर्लिन विद्यापीठातून अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेतली. तिथे असतानाच जामिया बंद पडायच्या बेतात असल्याचं कळलं. आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब या मित्रांना घेऊन ते १९२६ मध्ये परतले आणि पुढची २२ वर्षं त्यांनी जामियाचं कुलगुरुपद सांभाळलं. पैशांची कायम चणचण. तेव्हा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शपथ घेतली, की वीस वर्षं इथेच काम करायचं आणि दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार घ्यायचा नाही. बर्लिनचा डॉक्टर लहान मुलांच्या वर्गात रमायचा. १९३५ मध्ये ओखल्याच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली. तेव्हा कुणा बड्या पाहुण्याला न बोलावता जामियातल्या सगळ्यात लहान विद्यार्थ्याच्या हातून दगड बसवला गेला.

याच मुलांसाठी त्यांनी गोष्टी लिहिल्या. त्यातली सगळ्यात गाजली ती ‘अब्बू खाँ की बकरी’. मूळ कल्पना फ्रेंच लेखक आल्फाँस दोदे यांच्या कथेतली, पण झाकिरसाहेबांनी ती पार आपल्या मातीतली करून टाकली. अल्मोड्याच्या डोंगराळ भागात अब्बू खाँ नावाचे म्हातारबाबा एकटेच राहतात आणि बकऱ्या पाळतात. जीव लावतात, पण प्रत्येक बकरी एक ना एक दिवस दावं तोडून डोंगरात पळते आणि लांडग्याच्या तोंडी जाते. चाँदनी त्यांची सगळ्यात लाडकी. तिलाही चारा-पाणी, माया, सगळं मिळतं, फक्त गळ्यातली दोरी सुटत नाही. शेवटी तीही डोंगरात निघून जाते. दिवसभर मोकळी हुंदडते. रात्री लांडगा येतो. आपण जिंकणार नाही हे तिला कळतं, तरी ती शिंगं रोखून रात्रभर झुंजते. पहाटे खालच्या मशिदीतून अजान ऐकू येते आणि ती कोसळते. झाडावरच्या पाखरांना वाटतं लांडगा जिंकला. एक म्हातारी चिमणी मात्र म्हणते, जीत चाँदनीची झाली.

सोलापूरच्या मुलांना या गोष्टीचा अर्थ वेगळा समजावून सांगायची गरज नाही. चार हुतात्मा पुतळ्यांवरून ती रोज जातात. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या त्या चौघांत मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्यासोबत आपले कुर्बान हुसेनही होते.

या गोष्टींवर झाकिरसाहेबांनी स्वतःचं नाव घातलं नव्हतं. त्या छापल्या गेल्या रुकैया रैहाना या नावानं. रैहाना ही त्यांची मुलगी. ती अगदी लहान असतानाच वारली. सांगतात, की त्या दिवशी झाकिरसाहेब शाळेत मुलांना मिठाई वाटत होते. शिपायानं कानात बातमी सांगितली. चेहरा उतरला, पण हात थांबला नाही. मुलं खूश होती, त्यांचा आनंद मोडायला त्यांचं मन झालं नाही. वाटप संपवूनच ते घरी गेले.

आपल्या महाराष्ट्राशीही त्यांचं नातं आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली आणि नव्या शिक्षणाचा आराखडा करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद झाकिरसाहेबांकडे आलं. सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि सूतकताईसारख्या हातकामाच्या आधारे, असा तो आराखडा होता. मागावर बसणाऱ्या माणसाचं कसब हेही शिक्षणच, ही गोष्ट सोलापूरला लगेच पटावी.

१९४७ च्या दंगलीत जालंधर स्टेशनवर ते मरता मरता वाचले. एक शीख लष्करी अधिकारी आणि एक हिंदू रेल्वे कर्मचारी यांनी त्यांना वाचवलं. त्यानंतरही मनात कडवटपणा न ठेवता त्यांनी १९४८ मध्ये अलीगढ विद्यापीठ सांभाळायला घेतलं. पुढे बिहारचे राज्यपाल, १९६२ मध्ये उपराष्ट्रपती, १९६३ मध्ये भारतरत्न आणि १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती. या पदावर पोचलेले ते पहिले मुस्लिम. ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच त्यांचा इंतकाल झाला. दफन कुठे झालं? जामियाच्या आवारात, मुलांच्या शाळेजवळ.

त्यांच्या नावानं रस्ते झाले, संस्था झाल्या. पण ज्यांनी मातृभाषेतल्या शिक्षणाचा आग्रह धरला, त्यांची गोष्ट आपल्या मुलांना केवळ उर्दू येत नाही म्हणून कळू नये, हे आम्हाला बरं वाटत नाही. आज रात्री मुलांना जवळ घेऊन चाँदनीची गोष्ट सांगा. मराठीत सांगितली तरी चालेल. आणि शेवटी त्यांनाच विचारा, कोण जिंकलं?