वसतिगृहातून सूर्यापर्यंत : डॉ. मेघनाद साहा

द्रव्याच्या अवस्था तीन, स्थायू, द्रव आणि वायू, हे आपल्या शाळेतील प्रत्येक पिढीने पाठ केले आहे. बर्फाला उष्णता दिली की पाणी होते, पाण्याला दिली की वाफ होते, आणि तिथे धडा संपतो. पण वाफेला, किंवा कोणत्याही वायूला, उष्णता देतच राहिलो तर पुढे काय होते? या प्रश्नाचे गणिती उत्तर १९२० साली कलकत्त्याच्या एका तरुण अध्यापकाने दिले. त्याचे नाव मेघनाद साहा. आम्ही इतिहासाचे शिक्षक. भौतिकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तरीही वसतिगृहात वाढलेल्या मुलांच्या या स्मरणिकेत या माणसाचे चरित्र असलेच पाहिजे, असे आम्हांस वाटले.

६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या शेवडातली या गावी मेघनादचा जन्म झाला. आज ते गाव बांगलादेशात आहे. वडील जगन्नाथ साहा यांचे किराणा मालाचे लहानसे दुकान होते आणि घरात आठ मुले होती. साहा ही व्यापार करणारी, पण बंगालच्या जातिउतरंडीत खालची मानलेली जात. प्राथमिक शिक्षण झाले की मुलाने दुकानात बसावे, अशी वडिलांची इच्छा होती. पुढची शाळा काही कोसांवर शिमुलिया येथे होती आणि तिथे राहण्याचा खर्च घराला पेलणारा नव्हता.

थोरला भाऊ जयनाथ याने तेथील डॉक्टर अनंतकुमार दास यांना गाठले. त्यांनी मुलाला आपल्या घरी विनामूल्य ठेवून घेतले. अट एवढीच की त्याने आपली भांडी स्वतः घासावीत आणि घरच्या गाईची देखभाल करावी. आपल्या वसतिगृहात ताट स्वतः घासणे ही सर्वांना सारखी असलेली शिस्त आहे. तिथे मात्र त्या अटीमागे जात उभी होती. म्हणून डॉक्टरांचे उपकार लहान ठरत नाहीत. मेघनाद यांनीही ते जन्मभर मानले. उपकार आणि विटाळ एकाच घरात कसे नांदत, हे मात्र विसरता येत नाही.

माध्यमिक परीक्षेत तो ढाका जिल्ह्यात पहिला आला. सरकारकडून दरमहा ४ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. ताग गिरणीत २० रुपये पगारावर राबणारा जयनाथ त्यातले ५ रुपये पाठवी, आणि वैश्य समितीकडून २ रुपये येत. या ११ रुपयांवर १९०५ मध्ये ढाका कॉलेजिएट स्कूलमधील शिक्षण सुरू झाले. त्याच वर्षी बंगालची फाळणी झाली. प्रांताचे गव्हर्नर फुलर यांच्या भेटीच्या वेळी झालेल्या निषेधात सामील झाल्याबद्दल मेघनादला शाळेतून काढण्यात आले आणि शिष्यवृत्तीही गेली. बारा वर्षांच्या मुलाने दिलेली ही किंमत होती. मग किशोरीलाल जुबिली स्कूल या खासगी शाळेने त्याला आश्रय दिला आणि १९०९ मध्ये तो प्रवेश परीक्षेत पूर्व बंगालात पहिला आला.

१९११ मध्ये मेघनाद कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय हे गुरू, तर सत्येंद्रनाथ बोस वर्गमित्र. बीएस्सी आणि एमएस्सी या दोन्ही परीक्षांत सत्येंद्रनाथ पहिले आले, मेघनाद दुसरे. वर्गात गणित सर्वांना सारखे होते. ईडन हिंदू हॉस्टेलच्या भोजनगृहात तसे नव्हते. काही विद्यार्थ्यांनी त्यांच्या पंक्तीस बसून जेवण्यास हरकत घेतली, आणि सरस्वतीपूजेच्या वेळी त्यांना दूर ठेवण्यात आले. ज्याने विद्येत जिल्हे आणि प्रांत जिंकले, त्याला विद्येच्या देवतेजवळ मज्जाव! यावर आम्ही अधिक लिहीत नाही. आपल्या वाचकांना ते समजावून सांगावे लागत नाही.

क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून सरकारने त्यांना वित्त सेवेच्या परीक्षेस बसू दिले नाही. १९१६ मध्ये ते कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले आणि लवकरच भौतिकशास्त्राकडे वळले. उष्णतेचे शास्त्र आणि वर्णपटाचे शास्त्र ते शिकवता शिकवता स्वतः शिकले. याच काळात सत्येंद्रनाथांबरोबर त्यांनी आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेवरील जर्मन निबंधांचा इंग्रजी अनुवाद केला. प्रकाशाच्या दाबावरील त्यांचा एक निबंध मात्र अमेरिकेतील नियतकालिकात पूर्ण छापला गेला नाही. छपाईच्या खर्चाचा वाटा त्यांनी उचलावा अशी अपेक्षा होती आणि त्यांच्यापाशी तेवढे पैसे नव्हते.

आता त्या मूळ प्रश्नाकडे येऊ. चुलीच्या जाळात चिमूटभर मीठ पडले की ज्वाला पिवळी होते. तो मिठातील सोडियमचा रंग होय. प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशात अशा ठरावीक रेषा असतात आणि त्यांवरून सूर्यात कोणती द्रव्ये आहेत हे ओळखता येते. पण तिथे एक कोडे होते. कॅल्शियमच्या काही रेषा प्रयोगशाळेत विजेच्या प्रखर ठिणगीत उठून दिसतात. सूर्याच्या पृष्ठभागावरील विरळ आवरणात, ज्याला वर्णगोल म्हणतात, त्याच रेषा फार उंचावर आढळत. एवढ्या वर ठिणगीसारखी प्रखरता कुठून यावी?

साहा यांनी अणू फुटण्याकडे रासायनिक क्रियेसारखे पाहिले. उष्णता म्हणजे कणांची धावपळ. ती वाढली की टकरा इतक्या जोराच्या होतात की अणूतून एखादा इलेक्ट्रॉन निसटतो आणि मागे धनभारित आयन उरतो. त्यासाठी प्रत्येक मूलद्रव्याला ठरावीक ऊर्जा लागते: सोडियमला सुमारे ५.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कॅल्शियमला ६.१, हायड्रोजनला १३.६. मात्र निसटलेला इलेक्ट्रॉन पुन्हा आयनाला भेटला की अणू जुळतो. बाजाराच्या गर्दीत ओळखीचे माणूस चटकन भेटते, उजाड माळावर भेटत नाही. तसेच दाब जितका कमी, तितकी ही पुनर्भेट दुर्मीळ. म्हणून विरळ उंचीवर कॅल्शियमचे बहुतेक अणू आयनरूपातच राहतात. तापमान, दाब आणि ही ऊर्जा यांना एकत्र बांधणारे त्यांचे समीकरण ऑक्टोबर १९२० मध्ये लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमधील निबंधातून जगापुढे आले. तेव्हा ते २७ वर्षांचे होते. अशा आयनयुक्त वायूला पुढे प्लाझ्मा हे नाव पडले. द्रव्याची चौथी अवस्था ती हीच.

या समीकरणाचा कस लगेच लागला. रुबिडियमच्या रेषा सूर्याच्या प्रकाशात सापडत नव्हत्या. ते द्रव्य तिथे नाही असे नव्हे, तर त्याचे अणू उष्णतेने आयन झाले आहेत. सूर्यावरील डाग तुलनेने थंड असतात, तिथे शोधावे, असे साहा यांनी सुचविले. अमेरिकेत रसेल यांना ते डागांमध्ये सापडले. ताऱ्यांचे निळे, पांढरे, पिवळे, तांबडे असे वर्ग पाडलेले होते आणि त्यांच्या वर्णपटांतील फरक पाहून त्यांची द्रव्येच वेगळी असावीत असे वाटे. साहा यांनी दाखवले की हा फरक मुख्यतः तापमानाचा आहे. त्यांच्याच समीकरणाच्या आधारे १९२५ मध्ये सेसिलिया पेन या तरुण संशोधक स्त्रीने तारे प्रामुख्याने हायड्रोजन व हेलियमचे बनलेले असल्याचे दाखवले. तेव्हाच्या थोरांना ते पटले नाही, नंतर पटले.

१९२३ ते १९३८ ते अलाहाबादेत प्राध्यापक होते. १९२७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. नोबेलसाठी नाव अनेकदा गेले, पारितोषिक मिळाले नाही. पुढे कलकत्त्यास परतून त्यांनी अणुभौतिकी संस्था उभारली. तिचे उद्घाटन १९५० मध्ये इरेन जोलियो-क्युरी यांनी केले.

पुरात वाढलेल्या या माणसाचे मन नद्यांतही गुंतलेले होते. १९४३ मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. चौकशी समितीत साहा होते आणि नदीचे खोरे अखंड मानून धरणे, वीज व सिंचन यांची एकत्र योजना व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. त्याच खात्याने ही योजना हाती घेतली आणि ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात तिच्यावरील परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झाली. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. आपल्याकडे बाबासाहेबांच्या चरित्रात हे प्रकरण दोन ओळींत संपते, ही आम्हा इतिहासकारांचीच उणीव.

१९५२ मध्ये साहा कलकत्त्यातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. देशात चालणाऱ्या अनेक पंचांगांतून एक शास्त्रशुद्ध दिनदर्शिका काढणाऱ्या समितीचेही ते अध्यक्ष होते. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जात असताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेब गेले. साहा समितीची राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ या दिवशी लागू झाली.