वसईचे विजेते चिमाजी आप्पा

वसई, पापडी, आगाशी व विरार ह्या बाजूस राहणाऱ्या वाचकांस चिमाजी आप्पांचे नाव नवे नाही. वसईच्या किल्ल्यात त्यांचा पुतळा आहे, आणि त्याच किल्ल्यात छपरे गेलेल्या ख्रिस्तमंदिरांच्या उंच भिंतीही उभ्या आहेत. पुतळ्यापाशी थांबणारा एक गोष्ट सांगतो. भिंतींपाशी थांबणारा दुसरी सांगतो. आम्हांस दोन्ही सांगणे प्राप्त आहे, कारण त्या युद्धाच्या दोन्ही बाजूंस ह्याच प्रांतातील लोकांचे पूर्वज होते.

चिमाजी हे पेशवे बाळाजी विश्वनाथ भट व राधाबाई ह्यांचे धाकटे पुत्र. त्यांचा जन्म इ. स. 1707 च्या सुमाराचा. घराणे मूळचे कोकणातील श्रीवर्धनचे. 1720 साली वडील वारले व थोरले बंधू बाजीराव ह्यांस शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रे दिली. बाजीराव म्हणजे वारा. आज माळव्यात, तर उद्या आणखी कोठे. मागे राहून पैसा उभा करणे, पत्रव्यवहार सांभाळणे, सरदारांची मने राखणे हे सारे धाकट्या भावाच्या अंगावर पडे. त्यातच प्रकृती जन्माची नाजूक. छातीचे दुखणे व खोकला ह्यांनी त्यांची पाठ कधी सोडली नाही.

तथापि ते केवळ दौत-लेखणीचे गृहस्थ नव्हते. 29 नोव्हेंबर 1728 रोजी माळव्यात अमझेऱ्याजवळ त्यांनी मोगलांचा सुभेदार गिरधर बहादूर व त्याचा आप्त दया बहादूर ह्यांचा पराभव केला. ते दोघेही रणात पडले. तेव्हा चिमाजींचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. पुढे एप्रिल 1736 मध्ये कोकणात रेवसजवळ जंजिऱ्याच्या सिद्दींचा पराक्रमी सरदार सिद्दी सात ह्यास त्यांनी लढाईत मारिले.

आता वसईकडे वळू. गुजराथचा सुलतान बहादूरशहा ह्याने 1534 च्या तहाने हा प्रांत पोर्तुगीजांस दिला होता. त्यांनी येथे दगडी कोट बांधिला, मोठमोठे वाडे व मठ उभारिले, आणि वसई हे आपल्या उत्तरेकडील मुलखाचे मुख्य ठिकाण केले. त्यांच्या बरोबर ख्रिस्ताचे नाव ह्या किनाऱ्यावर आले, हे खरे. परंतु त्या नावाखाली जे घडले तेही आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. हिंदूंची देवालये पाडण्यात आली, त्यांच्या धर्मविधींस उघडपणे बंदी झाली, आणि पोरकी मुले नातलगांपासून काढून ख्रिस्ती करण्याचे कायदे झाले. ज्या प्रभूने कोणासही बळाने ओढिले नाही, त्याच्या नावाने हे व्हावे ह्याचे आम्हांस दुःख वाटते. रयत गांजली होती. भिवंडीजवळील अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधू ह्यांनी पेशव्यांकडे वारंवार जाऊन गाऱ्हाणे घातले, आणि मोहीम निघाली तेव्हा वाटा दाखविण्यासही तेच पुढे झाले.

मार्च 1737 च्या अखेरीस मराठ्यांनी ठाण्याचा कोट घेतला. त्याचे बांधकाम अजून पुरे व्हावयाचे होते. साष्टी बेटाचा बहुतेक भाग हाती आला, अर्नाळाही आला. पण वसई पडेना. 1738 च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ठाणे परत घेण्यासाठी मोठा हल्ला केला. त्यात त्यांचा सेनापती पेद्रो दि मेलो तोफेच्या गोळ्याने ठार झाला व हल्ला फसला. मग जानेवारी 1739 मध्ये चिमाजी स्वतः उत्तर कोकणात उतरले. माहीम घेतले, तारापूर घेतले. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर हा जिवाभावाचा सरदार गोळी लागून पडला, तेव्हा किल्ला मिळूनही आप्पांस आनंद झाला नाही.

फेब्रुवारीत वसईस वेढा पडला. ज्यांनी हा किल्ला पाहिला आहे त्यांस त्याची अडचण सांगावयास नको. समुद्र व खाडी ह्यांनी तो वेढिलेला. जमिनीवरून जावयाचे तर उत्तरेकडूनच, आणि तेथेही रेती व दलदल. वरून तोफा व पेटते पदार्थ ह्यांचा मारा अखंड. अशा जागी खंदक खणीत तटाच्या पायापर्यंत जावयाचे व सुरुंग भरावयाचे, हे काम मराठ्यांच्या घोडदौडीच्या युद्धाहून अगदी निराळे होते. समुद्राकडून मानाजी आंग्र्यांच्या आरमाराने वाट रोखिली. आतील शिबंदीचा पगार भागविण्यास पैसा उरला नाही, म्हणून पोर्तुगीजांनी ख्रिस्तमंदिरांतील चांदीची भांडी व पितळी तोफा मुंबईस इंग्रजांकडे गहाण टाकिल्या. किल्ल्याचा अधिकारी सिल्व्हैरा दि मेनेझिस मारला गेला. त्याच्या जागी काएतानु दि सौझा परेरा उभा राहिला. दोन्हीकडचे लोक शूर होते, असेच म्हटले पाहिजे.

इकडे नादिरशहाने दिल्ली लुटिली होती, आणि बाजीरावांस उत्तरेकडे फौज हवी होती. उशीर करण्यास सवड नव्हती. किल्ला हाती येत नसेल तर निदान आपले मस्तक तोफेने आत उडवा, असे आप्पा निकरास येऊन म्हणाले, ही दंतकथा सर्वांस ठाऊक आहे. ती खरी असो वा नसो, निकर मात्र खराच होता. मे महिन्यात सुरुंग उडाले, सेंट सेबास्तियन बुरुजाकडील तट ढासळला, आणि पडलेल्या दगडांवर प्रेतांचा खच झाला. त्या मोहिमेत मराठ्यांकडील सुमारे पाच हजार माणूस कामास आले असे सांगतात.

इतके रक्त सांडल्यावर शहर हाती लागले म्हणजे विजयी सैन्य काय करिते, हे जगाच्या इतिहासात पुष्कळदा दिसते. येथे तसे झाले नाही. 16 मे 1739 च्या कराराने पोर्तुगीजांस शस्त्रांसह, नगारे वाजवीत व निशाणे फडकावीत बाहेर पडण्याची परवानगी मिळाली. बायकामुले व चीजवस्तू नेण्यास आठ दिवसांची मुदत दिली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठी तीन ख्रिस्तमंदिरे राखण्याचे कलम घातले: एक शहरात, एक कसब्यात, एक साष्टीत. 23 मे रोजी पोर्तुगीज निघून गेले.

ह्याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ह्यांस 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानात नागासाकी येथे, तेथील सत्ताधीश हिदेयोशी ह्याच्या आज्ञेने, पंचवीस सोबत्यांसह वधस्तंभावर ठार केले होते. तोही मोठा सेनापतीच होता. त्याने परधर्मास खिळे मारिले; आप्पांनी परधर्मीयांस करारात जागा दिली. हा भेद आम्हांस फार मोठा वाटतो.

पण सर्वच राहिले असे मात्र नाही. पुष्कळ मंदिरे ओस पडली. घंटा उतरवून नेण्यात आल्या. भीमाशंकर व नाशिकचे नारोशंकराचे देऊळ येथे त्या आजही टांगलेल्या आहेत. पोर्तुगीज पाद्री गेल्यावर ह्या प्रांतातील ख्रिस्ती कुटुंबे थोड्याशा देशी पाद्र्यांच्या आधाराने, राज्याच्या पाठबळावाचून, आपल्या विश्वासात टिकली. तलवारीच्या सावलीत लाविलेले झाड ती सावली गेल्यावरही वाळले नाही, हे विशेष होय.

विजयानंतर आप्पांस सुख थोडेच लाभले. घरात मस्तानीचा कलह पेटला; बाजीराव मोहिमेवर असता तिला पुण्यात कैदेत ठेविण्यात चिमाजींचा हात होता. शत्रूशी इतका उदार असलेला पुरुष घरी इतका कठोर का झाला, ह्याचे आम्हांस नवल वाटते. 28 एप्रिल 1740 रोजी नर्मदातीरी रावेरखेडी येथे बाजीराव वारले. तो घाव चिमाजींच्या झिजलेल्या देहास सोसला नाही. 17 डिसेंबर 1740 रोजी तेही निवर्तले. वय सुमारे तेहेतीस वर्षांचे. दुसरी पत्नी अन्नपूर्णाबाई त्या काळच्या क्रूर रूढीप्रमाणे त्यांच्या चितेवर सती गेली. पहिली पत्नी रखमाबाई 1730 मध्येच, पुत्र सदाशिव जन्मल्यावर थोड्याच दिवसांत, वारली होती. दहा वर्षांच्या त्या मुलास राधाबाईंनी पदराखाली घेतले. हेच पुढे पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ होत.