डोंगरातल्या गावी एकटी बाई

मैत्रिणींनो, घरातली बाई सतत आजारी असली की डॉक्टर काय सांगतात? विश्रांती घ्या, दगदग करू नका. पण दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका मुलीला डॉक्टरांनी उलटाच सल्ला दिला. घरात पडून राहू नकोस, बोटीने लांबचा प्रवास कर! त्या मुलीने तो सल्ला इतका मनावर घेतला की पुढे ती अर्धं जग फिरून आली. तिचं नाव इझाबेला बर्ड.

इझाबेलाचा जन्म १५ ऑक्टोबर १८३१ चा, यॉर्कशायरमधला. वडील एडवर्ड बर्ड धर्मोपदेशक. त्याआधी ते काही वर्षं आपल्या कोलकात्यात वकिली करत होते. आई डोरा, आणि पाठची एकच बहीण हेन्रिएटा, घरातली लाडकी हेनी. इझाबेला लहानपणापासून पाठीच्या दुखण्याने बेजार. रात्री झोप लागायची नाही. अठरा-एकोणीस वर्षांची असताना पाठीच्या कण्याजवळची गाठ काढायला शस्त्रक्रिया झाली, पण दुखणं काही गेलं नाही. उंची जेमतेम चार फूट अकरा इंच. अशी मुलगी घराबाहेर काय करणार, असंच कुणालाही वाटलं असतं.

१८५४ मध्ये वडिलांनी तिच्या हातात शंभर पौंड दिले आणि ती अमेरिकेला निघाली. गंमत म्हणजे बाहेर पडली की तिची तब्येत सुधारायची आणि घरी परतली की पुन्हा अंथरूण धरायची. वडील १८५८ मध्ये गेले, आई १८६६ मध्ये. दोघी बहिणी एकमेकींना उरल्या. हेनीने स्कॉटलंडमधल्या मल बेटावर टोबरमोरी या गावात घर केलं आणि इझाबेला जग बघायला निघाली. हवाई बेटांवरचा ज्वालामुखी ती चढली, अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात घोड्यावर बसून हिंडली. आणि जिथे जाईल तिथून हेनीला लांबलचक पत्रं लिहीत राहिली. पुढे याच पत्रांची पुस्तकं झाली.

आज सांगायची आहे ती तिच्या जपानच्या प्रवासाची गोष्ट. मे १८७८ मध्ये ती योकोहामाला उतरली. वय सेहेचाळीस. जपानने परक्यांसाठी दारं उघडून फार वर्षं झाली नव्हती. परदेशी लोकांना ठरावीक बंदरांच्या आसपासच फिरायची मुभा होती. ब्रिटिश राजदूत हॅरी पार्क्स यांनी तिला उत्तरेकडे हवं तिथे फिरता येईल असा परवाना मिळवून दिला. बरोबर दुभाष्या म्हणून घेतला विशीच्या आतबाहेरचा इतो नावाचा पोरगा. हुशार आणि तरतरीत, पण प्रत्येक व्यवहारात आपलं थोडं कमिशन काढणारा! बाईंना ते कळत होतं. तरी त्याच्यावाचून पान हलणार नाही हेही कळत होतं.

१० जूनला ती टोकियोहून निघाली. माणसाने ओढायच्या तीन गाड्या, एक तिला, एक इतोला, एक सामानाला. या गाडीला जपानीत जिनरिकिशा म्हणतात. आपला रिक्षा हा शब्द तिथूनच आलाय बरं का! सामानात घडीची खाट होती, रबरी टब होता. पहिल्याच मुक्कामी, कासुकाबे गावच्या धर्मशाळेसारख्या खाणावळीत तिचा जीव मेटाकुटीला आला. पिसवा, डास, घाण वास. खोलीला भिंती नाहीत, सगळी कागदाची सरकती दारं. दाराच्या प्रत्येक भोकातून एक डोळा तिच्याकडे बघतोय. दाराला कडी नाही, भाषा येत नाही. त्या रात्री ती मनातून घाबरली होती आणि तसं तिने हेनीला कळवलंही. मला तिचं हेच आवडतं. शूर असल्याचा आव तिने आणला नाही. घाबरली, आणि सकाळी उठून पुढे निघाली.

मग आलं निक्को. उंच उंच सुगी वृक्षांच्या रांगांमधून जाणारा रस्ता आणि डोंगराच्या कुशीतलं गाव. तिथल्या देवस्थानातले वादक कानाया यांच्या घरी ती उतरली. ते घर इतकं स्वच्छ की दौत सांडेल की काय, कागदी दार फाटेल की काय, याचीच तिला धास्ती. अंगणात बाग, झुळझुळ पाणी, डोंगराची शांतता. तिथे तिने मुलांचे खेळ पाहिले, बायकांचे दिवसभराचे कष्टही पाहिले. कानाया कुटुंबाचं ते जुनं घर आजही जपून ठेवलेलं आहे, लोक तिकीट काढून बघायला जातात.

निक्कोच्या पुढे रस्ता असा नव्हताच. पावसाळा सुरू झालेला, खाचरांत भातलावणी चाललेली, नद्या फुगलेल्या. घोड्यांच्या पायात गवताचे जोडे, ते घडोघडी झिजायचे की थांबा. डोंगरातल्या काही वस्त्यांवर भयंकर गरिबी. मुलांच्या अंगावर खरूज, डोळे आलेले. एका गावात घरमालकाच्या मुलाला खोकला होता. तिने जवळचं औषध दिलं आणि त्याला उतार पडला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला अख्खं गाव आपापली पोरं घेऊन तिच्या खोलीबाहेर उभं! तिच्याकडे मलमाची एखादी डबी, एवढ्यांना काय पुरणार? स्वच्छ आंघोळ, धुतलेले कपडे यांनीच निम्मं दुखणं जाईल, हे तिने सांगून पाहिलं. वस्तीवर काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रसंग नवा नाही. हात रिकामे असताना समोरचं दुखणं बघत राहायचं, यापेक्षा वाईट काही नसतं.

पण याच डोंगरांत तिला माणुसकीही भेटली. योनेझावाच्या वाटेवर तेनोको नावाच्या गावी ती उन्हाने घामाघूम होऊन थांबली, तर घरातल्या बायका पंखे घेऊन तासभर तिला वारा घालत बसल्या. पैसे घ्यायला साफ नकार. उलट मिठाईची पुडी बांधून दिली, आणि घरच्या माणसाने आपलं नाव लिहिलेला पंखा हातात ठेवला. हिच्याजवळ परत द्यायला काही नव्हतं. होत्या फक्त टाचण्या. त्याच दिल्या, तर त्या नवलाच्या वस्तू गर्दीभर हातोहात फिरल्या! आणखी एका मुक्कामी सामानाचा एक पट्टा वाटेत पडल्याचं लक्षात आलं. अंधार पडलेला असताना घोडेवाला चार किलोमीटर मागे जाऊन तो शोधून घेऊन आला. बक्षीस देऊ केलं तर घेईना. सामान नीट पोचवायचं ठरलं होतं, मग जास्तीचे पैसे कशाचे, असं त्याचं म्हणणं. एकटी बाई इतक्या निर्धास्तपणे फिरू शकेल असा दुसरा देश जगात नसेल, असं तिने पुढे लिहून ठेवलं.

जुलैत ती कानेयामाला पोचली. चहूबाजूंनी सुगीच्या झाडांनी झाकलेले, पिरॅमिडसारखे सुळके, आणि मध्ये छोटंसं शांत गाव. तिला ते इतकं आवडलं की मुक्काम वाढवला. त्यातच गांधीलमाशी चावून हात सुजलेला, ताप आलेला. गावच्या जपानी वैद्यांना बोलावलं. त्यांनी नाडी पाहिली, हातावर औषधपाण्याची पट्टी बांधली, पोटात घ्यायला औषध दिलं. तिला उतार पडला. फी विचारली तर खूप वेळा वाकून, संकोचून त्यांनी अर्धा येन चालेल का म्हणून विचारलं. तिने एक येन दिला आणि स्वतःही वाकून आभार मानले. या गावात आज तिच्या आठवणीचा दगड उभा आहे. तिथे ती राहिली ती दोन-तीन दिवस, पण गावाने आठवण अजून धरून ठेवली आहे.

पुढे होक्काइदो बेटावर जाऊन ती ऐनू या मूळ रहिवाशांच्या वस्तीत राहिली, त्यांच्या चालीरीती तिने बारकाईने टिपल्या. तिचं सगळंच लिहिणं आज पटत नाही हे सांगायला हवं. माणसांच्या रूपावर तिने फटकन शेरे मारले आहेत. राज्यकर्त्यांच्या देशातून आल्याचा ताठाही अधूनमधून डोकावतो. पण समोर जे दिसलं ते चांगलं-वाईट दोन्ही तिने लिहिलं, म्हणून जपानी अभ्यासकही ते पुस्तक वाचतात.

ते पुस्तक १८८० मध्ये निघालं. पण ज्या हेनीसाठी ती पत्रं लिहिली होती, ती त्याच वर्षी जूनमध्ये टायफॉइडने गेली. पुस्तक हातात घ्यायला ती राहिलीच नाही. आपल्या प्रवासाची आणि लिखाणाची खरी प्रेरणा हेनीच होती, हे इझाबेलाने प्रस्तावनेत नमूद केलं. १८८१ मध्ये हेनीवर उपचार करणाऱ्या डॉ. जॉन बिशप यांच्याशी तिने लग्न केलं. तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची आणि ते दहा वर्षांनी लहान. पाच वर्षांत, १८८६ मध्ये तेही गेले.

आता हिने काय करावं? पन्नाशी उलटल्यावर रुग्णसेवेचं शिक्षण घेतलं आणि १८८९ मध्ये हिंदुस्थानात आली. काश्मीरमध्ये नवऱ्याच्या नावाने आणि अमृतसरला हेनीच्या नावाने दवाखाना उभा केला, मग घोड्यावरून लडाख गाठलं. जपानच्या त्या डोंगरातली पहाटेची गर्दी आणि हे दवाखाने यांचा काहीतरी धागा असावा, असं मला तरी वाटतं. १८९२ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने प्रथमच स्त्रियांना सभासद करून घेतलं, त्यात ती होती. त्यानंतर कोरिया, चीन, आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर मोरोक्को! ७ ऑक्टोबर १९०४ रोजी एडिंबरोत ती वारली, तेव्हा पुन्हा चीनला जायच्या तयारीत तिच्या ट्रंका भरून ठेवलेल्या होत्या.

टोबरमोरीच्या बंदरावर तिने दिलेल्या पैशांतून हेनीच्या स्मरणार्थ बांधलेला घड्याळाचा मनोरा आजही उभा आहे. इझाबेला जग फिरली हे खरंच. पण घरी बसून प्रत्येक पत्राची वाट बघणारी, ते नीट वाचून चुका दाखवणारी एक बहीण होती, म्हणून ते जग कागदावर उतरलं. आपल्यापैकी कुणी इझाबेला असेल, कुणी हेनी. तुमच्या घरातली एखादी मुलगी उद्या लांब कुठे निघाली, तर तिला तेवढं सांगा, पोचलीस की सविस्तर कळव, मी वाचणार आहे.