सोपाऱ्याचा बाहिय दारुचीरिय

नालासोपाऱ्याचा स्तूप आपल्याला माहीतच आहे. जुनी माणसं त्या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला. पाली ग्रंथांत या गावाचं नाव सुप्पारक. तिथल्याच बाहियची ही हकीकत उदान ग्रंथात व त्याच्या अट्ठकथेत आलेली आहे.

बाहिय व्यापारी. समुद्रात जहाज फुटलं, फळीच्या आधाराने तो सोपाऱ्याला लागला. अंगावर चिंधी नाही. लाकडाच्या साली गुंडाळून तो भिक्षेला निघाला, म्हणून दारुचीरिय. लोकांनी ठरवलं, हा अर्हत! कपडे आणून दिले तर तो घेईना, कारण कपडे घातले की मानपान गेला. हळूहळू त्यालाच वाटू लागलं, एवढे लोक मानतात त्या अर्थी मी अर्हतच असणार.

आता ही साखळी तपासा. ज्याला वस्त्र नाही त्याला तृष्णा नाही, असं लोकांनी न बोलताच धरलं. खरं तर वस्त्र समुद्राने नेलं होतं. ज्याला लोक मानतात तो अर्हत, असं बाहियने मनात धरलं. म्हणजे लोक सालीवर विसंबले आणि हा लोकांवर. साक्षीदार हजार, पण पुरावा एकच, आणि तोही खोटा. आमच्या साचेखात्यातसुद्धा अशी अफवा जेवणाच्या सुट्टीपर्यंत खरी होऊन बसायची.

एका हितचिंतक देवतेने त्याला सांगितलं की तू अर्हत नाहीस, त्या वाटेवरही नाहीस. देवतेचं काय ते वाचकांनी ठरवावं, मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की त्याने ऐकलं. इतक्या वर्षांचा मान सोडून तो तडक श्रावस्तीला गेला. तथागत भिक्षेला निघाले होते. दोनदा त्यांनी थांबवलं, तिसऱ्यांदा रस्त्यातच उपदेश केला: दिसलं त्यात दिसलं तेवढंच धर, ऐकलं त्यात ऐकलं तेवढंच, पदरचं काही मिसळू नकोस. बाहिय तिथेच मुक्त झाला. थोड्याच वेळात वासरू असलेल्या गाईने त्याला मारलं. तथागतांनी दहन करवून त्याचा स्तूप उभारायला सांगितलं. झटपट ज्ञान मिळवणाऱ्या भिक्खूंत त्यांनी त्यालाच अग्र ठरवलं.

कोणी म्हणेल, बाहिय सोपाऱ्याचा, स्तूप सोपाऱ्याला, तेव्हा हा स्तूप बाहियचाच. पण तो गेला श्रावस्तीत.