संयमाचा धडा

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत भंडारदरा हे गाव आहे. तेथे प्रवरा नदीवर मोठे धरण आहे. ते १९२६ साली पूर्ण झाले. पावसाळ्यात डोंगरांवरून धावत येणारे पाणी त्या धरणाची भिंत अडवून धरते. अडवलेले पाणी वाया जात नाही. तेच पुढे कालव्यांतून शेतांना मिळते.

रोजाही असाच असतो. रमजानचा चंद्र दिसला की घराघरांत सहरीची तयारी सुरू होते. पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत रोजेदार अन्न घेत नाही, पाण्याचा थेंबही घेत नाही. संध्याकाळी खजूर खाऊन तो रोजा सोडतो. रात्री मशिदीत तरावीहची नमाज होते. गरिबांना जकात दिली जाते. ईदच्या नमाजापूर्वी फित्रा दिला जातो. हे सारे तुम्हांला ठाऊक आहेच. पण ही भूक आणि तहान कशासाठी सोसायची? याचे उत्तर ज्यांनी लिहून ठेवले आणि स्वतः जगूनही दाखवले, असे एक थोर पुरुष याच जिल्ह्यात कैदेत होते. त्यांचे नाव मौलाना अबुल कलाम आझाद.

मौलानांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ रोजी मक्केत झाला. त्यांचे वडील मौलाना खैरुद्दीन मोठे विद्वान होते. मौलाना लहान असतानाच हे कुटुंब कलकत्त्याला आले. त्यांचे सारे शिक्षण घरीच झाले. १९१२ साली त्यांनी 'अल-हिलाल' हे उर्दू साप्ताहिक सुरू केले. त्यातील लेखांनी लोक जागे झाले आणि सरकार अस्वस्थ झाले. १९१६ साली सरकारने मौलानांना बंगालमधून हद्दपार केले. पुढे १९१९ सालाच्या अखेरीपर्यंत ते रांचीत नजरकैदेत होते.

याच काळात ते कुरआनच्या उर्दू भाषांतराचे आणि विवेचनाचे काम करीत होते. पोलिसांनी झडती घेऊन त्यांचे लिखाण जप्त केले. ते कागद परत मिळाले, तेव्हा फाटलेले आणि विस्कटलेले होते. कित्येक वर्षांची मेहनत वाया गेली होती. मौलानांना फार दुःख झाले. पण त्यांनी पुन्हा लेखणी हाती घेतली. 'तर्जुमानुल कुरआन' या ग्रंथाचा पहिला खंड १९३१ साली आणि दुसरा १९३६ साली प्रसिद्ध झाला.

या ग्रंथात त्यांनी रोजाचा अर्थ सोप्या शब्दांत सांगितला आहे. उपाशी राहणे आणि शरीराला कष्ट देणे हे काही स्वतःच पुण्य नव्हे. माणसाने आपल्या मनाला वळण लावावे, आपल्या इच्छांवर ताबा मिळवावा, हाच रोजाचा हेतू आहे, असे ते म्हणतात.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत 'भारत छोडो' ठराव मंजूर झाला. त्या वेळी मौलाना काँग्रेसचे अध्यक्ष होते. दुसऱ्याच दिवशी पहाटे त्यांना अटक झाली. पंडित नेहरू, सरदार पटेल, शंकरराव देव अशा एकूण बारा नेत्यांना अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात ठेवण्यात आले. सुरुवातीला पत्रे नव्हती, वर्तमानपत्रेही नव्हती. मौलाना भल्या पहाटे उठत, स्वतःच्या हाताने चहा करीत आणि लिहायला बसत. आपल्या एका मित्राला त्यांनी तेथे अनेक पत्रे लिहिली. ती त्या वेळी पाठवता आली नाहीत. १९४६ साली ती 'गुबारे खातिर' या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

मौलाना कलकत्त्याहून मुंबईला निघाले, तेव्हा त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम यांची प्रकृती बरी नव्हती. तरीही त्या निरोप देण्यासाठी दारापर्यंत आल्या होत्या. १९४३ साली त्यांचा आजार फार वाढला. बातमी किल्ल्यात पोहोचली. सरकारला काही कळवायचे असेल तर आपण ते पुढे पाठवू, असे तुरुंगाच्या अधिकाऱ्याने मौलानांना सुचवले. एक अर्ज केला असता, तर कदाचित पत्नीची भेट झाली असती. पण ज्या सरकारशी देश लढत होता, त्याच्यापुढे हात पसरणे मौलानांना मान्य नव्हते. त्यांनी नकार दिला.

त्यांनी आपला रोजचा क्रम मोडला नाही. ठरल्या वेळी ते जेवायला येत, सोबत्यांशी बोलत. मात्र मनात कालवाकालव होत होती. बाहेरची शांतता राखण्यासाठी स्वतःशी किती झगडावे लागले, हे त्यांनी पुढे प्रामाणिकपणे लिहिले. ९ एप्रिल १९४३ रोजी जुलेखा बेगम यांचे निधन झाले. मौलानांना शेवटची भेट मिळाली नाही, जनाजाला खांदाही देता आला नाही. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती. ती त्यांनी कितीदा तरी पाहिली होती. आता ती पाहिली की त्यांचे मन भरून येऊ लागले.

त्या कैदेत तीन रमजान आले. पहिला सप्टेंबर १९४२ मध्ये, दुसरा सप्टेंबर १९४३ मध्ये आणि तिसरा ऑगस्ट १९४४ मध्ये. दुसरा रमजान आला, तेव्हा घरी वाट पाहणारी पत्नी उरली नव्हती. सब्राचा जो धडा त्यांनी ग्रंथात लिहिला होता, त्याची परीक्षा आयुष्यानेच घेतली होती.

१५ जून १९४५ रोजी मौलानांची सुटका झाली. ते कलकत्त्याला परतले, तेव्हा स्वागतासाठी मोठी गर्दी जमली होती. पण घरी जाण्यापूर्वी ते पत्नीच्या कबरीवर गेले. तेथे त्यांनी फुले वाहिली आणि फातिहा पढला.

पुढे मौलाना स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस, ११ नोव्हेंबर, आता राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो.

स्वाध्याय

१. मौलानांच्या मते रोजाचा हेतू कोणता?
२. पाठात धरणाचे उदाहरण कशासाठी दिले आहे?
३. मौलानांनी सरकारकडे अर्ज का केला नाही? त्यांच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते?
४. तुमच्या घरातील रमजानच्या एका दिवसाचे वर्णन आठ-दहा ओळींत लिहा.