खराट्याआधीचे गाडगेबाबा

वऱ्हाडातील शेणगावी, आजच्या अमरावती जिल्ह्यात, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. हेच पुढे गाडगेबाबा. आपण त्यांना ओळखतो ते हाती खराटा घेतलेल्या तसबिरीतून. पण त्या खराट्याच्या आधी एका घराची धूळधाण आहे.

झिंगराजी काही मुळचा वाईट माणूस नव्हता. देवाचा नवस असो, बारसे असो की मर्तिक, जातीच्या पंगतीला बकरे आणि दारू लागेच. न देणारा तो कंजूष, न पिणारा तो पंगतीबाहेरचा. चारचौघांच्या आग्रहाने लागलेले व्यसन भोगायचे मात्र ज्याचे त्याने आणि त्याच्या बायकोपोरांनी! शरीर खंगले, संसार बुडाला, आणि डेबू लहान असतानाच बाप गेला. आई सखूबाई मुलाला घेऊन दापुऱ्यास माहेरी आली. तेथेही मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली आणि मामाने हाय खाल्ली. एकाला दारूने खाल्ले, दुसऱ्याला काळजीने. दोन्ही दुखणी घरात दिसली तरी उगम गावात होता, हे त्या निरक्षर पोराने ओळखले असावे.

म्हणून पहिला घाव त्याने पंगतीवरच घातला. स्वतःच्या मुलीच्या बारशाला दारू-मटणाऐवजी गोड जेवण वाढले. भाऊबंद रागावले. मला तर पुढच्या साऱ्या कीर्तनांपेक्षा ही एक पंगत मोठी वाटते. कारण परक्या गावाला उपदेश करणे सोपे, आपल्या भावकीला नाही म्हणणे कठीण. आमच्यासारख्या घरांतून आलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन. कीर्तन कसले, वऱ्हाडी बोलीतली उलटतपासणीच ती! दारू, कर्ज, पशुबळी, शिवाशीव यांवर ते प्रश्न विचारीत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून वदवून घेत.

पण घरी राहिलेल्या कुंताबाईंचे काय? गावोगावचे संसार सावरणाऱ्या या माणसाची बायको झोपडीत राहिली. १९२३ साली मुलगा गोविंद वारला, तेव्हा निरोप आला तरी कीर्तन थांबले नाही, असे चरित्रकार कौतुकाने सांगतात. मला ते कौतुक पुरते पटत नाही. कुंताबाईंचे दुःख कोणत्या कीर्तनात मावले असते?

कीर्तनात जमलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळची धर्मशाळा रोग्यांच्या नातेवाइकांसाठी झाली. खेड्यातून रोगी आला की त्याला खाट मिळते. सोबतची म्हातारी रस्त्यावर झोपते, ही गोष्ट डॉक्टरांआधी या खराटेवाल्याच्या ध्यानात आली. त्याने स्वतःसाठी मात्र कोठेच खोली राखली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीपाशी, धावत्या मोटारीतच त्यांचा प्राण गेला.