कासवांचे प्राध्यापक : आर्ची कार

देवळात शिरताना दगडी कासवाला आपण सारेच हात जोडतो. समुद्रातले जिवंत कासव पाहिलेले मात्र आपल्या बमरोलीत थोडेच निघतील. आपल्यातली पुष्कळ घरे खानदेशातून आलेली, समुद्र भेटला तो डुमसला! म्हणूनच यंदा समुद्री कासवांसाठी परदेशी किनाऱ्यावर राबलेल्या एका प्राध्यापकांची ओळख करून घेऊ.

आर्ची कार यांचा जन्म १६ जून १९०९ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात मोबिल येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते. १९३७ साली फ्लोरिडा विद्यापीठातून त्यांनी प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी मार्जरी हॅरिस यांच्याशी विवाह झाला. मार्जरीबाई स्वतः शास्त्रज्ञ होत्या. फ्लोरिडातील जंगल आणि नदी वाचवण्यासाठी त्यांनी एका मोठ्या कालव्याविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला. त्यांच्यावर खरे तर वेगळा लेख हवा.

१९४५ ते १९४९ प्रा. कार होंडुरास देशात एका शेतकी विद्यालयात शिकवत होते. पुढे १९५२ मध्ये कासवांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. समुद्री कासवे कुठून येतात, कुठे जातात, याची खात्रीची माहिती तेव्हा कोणाकडेच नव्हती. मग ते कॅरिबियन समुद्राच्या काठाकाठाने हिंडले आणि कोळ्यांशी बोलले. या भटकंतीवरचे त्यांचे पुस्तक १९५६ साली आले.

कोस्टा रिका देशातील तोर्तुगेरो हा काळ्या वाळूचा लांबलचक किनारा. तिथे रात्री हिरव्या कासवांच्या माद्या अंडी घालायला येत. शिकारी त्यांना उलथे करून ठेवत. उताणे पडलेले कासव वाळूवर सुटू शकत नाही. मग ती होडीत भरून मांसासाठी, सूपासाठी रवाना होत. प्रा. कार यांनी १९५५ पासून या माद्यांना खुणेचे बिल्ले लावायला सुरुवात केली. आधी कवचाला भोक पाडून तारेने बिल्ला अडकवला, पण तो टिकेना. शेवटी गुरांच्या कानाला मारतात तसला धातूचा बिल्ला पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला लावला, आणि तो टिकला. बिल्ल्यावर क्रमांक, विद्यापीठाचा पत्ता आणि परत पाठवणाऱ्यास बक्षीस, एवढा मजकूर असे.

आता गंमत पाहा. बिल्ले परत पाठवत होते ते बहुतेक कासवे पकडणारे कोळीच! शेजारच्या निकाराग्वातून सर्वाधिक पत्रे येत. आलेला बिल्ला म्हणजे बहुधा एक कासव मेले, हे प्रा. कार यांना ठाऊक होते. तरी त्यांनी कोळ्यांवर राग धरला नाही. बक्षीस पाठवले आणि हकीकत नोंदवून घेतली. या नोंदींतून कळले की कासवे दूर निकाराग्वाच्या किनाऱ्याजवळ समुद्री गवत चरतात आणि दोन, तीन किंवा चार वर्षांनी अंडी घालायला पुन्हा तोर्तुगेरोलाच येतात. बिल्ला लावलेली मादी दुसऱ्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडेना. म्हणजे हा एक किनारा उजाड झाला, तर ती कासवे दुसरीकडे संसार मांडतील ही आशाच नको.

त्यांचे पुस्तक वाचून भारावलेल्या काही वाचकांनी १९५९ साली हिरव्या कासवांसाठी मंडळ स्थापन केले. नाव गमतीचे होते, काम मात्र खरे झाले. १९६० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या विमानांतून हजारो पिल्ले कॅरिबियनच्या निरनिराळ्या किनाऱ्यांवर नेऊन सोडली. नव्या वसाहती काही वसल्या नाहीत. दुसरीकडे किनाऱ्यावरचे काम चालूच राहिले आणि १९७५ मध्ये तोर्तुगेरो राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे देशोदेशीचे स्वयंसेवक पदरचा खर्च करून तिथे जाऊ लागले. काम कष्टाचे! रात्री अंधारात मैलोन्‌मैल चालायचे, पांढरा उजेड पाडायचा नाही, मादी अंडी घालू लागली की ती मोजायची, आणि तिला न बिथरवता बिल्ला लावायचा.

२१ मे १९८७ रोजी प्रा. कार फ्लोरिडातील आपल्या घरी वारले. २०२५ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने जगातील हिरव्या कासवांना धोक्यातील प्रजातींच्या यादीतून बाहेर काढले. ही हिरवी कासवे आपल्या सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरही अंडी घालतात, हे पुष्कळांना माहीत नसते.

कोकणात येतात ती ऑलिव्ह रिडले जातीची. नाना फडणवीसांच्या वेळास गावी २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखली. आणि प्रा. कार यांना फार आवडली असती अशी एक गोष्ट जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला घडली. रात्री अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायाला धातूचा बिल्ला दिसला. क्रमांक तपासला, तर तो तिला २०२१ साली पार पूर्वेकडे, ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला होता.